मठारकाम हाताचे की साच्याचे, हे भांड्यावर लिहिलेले असावे

प्रति,
संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाहून निघताना पाहुण्यांना तांब्याची एकेक बाटली भेट म्हणून मिळाली. बाटली दिसायला देखणी होती, तिच्या अंगभर गोल ठशांची नक्षी होती आणि गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवर ‘पारंपरिक तांबट कारागिरांनी हाताने मठारलेली’ असे छापलेले होते, म्हणजे ते ठसे हातोडीच्या एकेका ठोक्याने उमटवलेले. माझा धाकटा भाऊ पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हातोडा चालवतो. घरी आल्यावर त्याने ती बाटली हातात घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरली, अंगठा टेकवून एकदा सावकाश गोल फिरवली आणि मला जवळ बोलावून एका ठशावर नख ठेवले. त्या ठशात केसाएवढा बारीक ओरखडा होता. तिथून चार बोटे पुढे तसाच ओरखडा, तशाच ठशात, त्याच बाजूला होता; आणखी चार बोटांवर पुन्हा तोच. ‘ताई, माणसाच्या हातून एकच चूक इतकी मोजूनमापून होत नाही. हा मठार नाही, हा छाप आहे,’ एवढेच तो म्हणाला आणि त्याने बाटली टेबलावर ठेवून दिली.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. आपल्या समाजाचे नाव आणि आपल्या हातांचे काम कोणा दुसऱ्याच्या मालावर छापून विकले जाते, याची त्याला सवय झाली आहे. मला मात्र ती सवय करून घ्यायची नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी तांबट घरात जन्मले, तांबट घरात वाढले आणि पुढे पस्तीस वर्षे शाळेत शिकवले; हातोडा मी कधी धरला नाही, परंतु वडील, काका आणि भाऊ यांचे काम इतक्या जवळून पाहिले आहे की मठारकाम म्हणजे काय आणि काय नव्हे, हे वाचकांना सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटते.

आमच्या समाजाला त्वष्टा कासार असेही म्हणतात. त्वष्टा हा वेदांतला कारागीर देव, इंद्राचे वज्र घडवणारा, आणि आमची आराध्य देवता कालिकामाता. आमचे पूर्वज कोकणातून, चौल-रेवदंड्याच्या बाजूने, पेशवाईच्या काळात पुण्यात आले, असे आमच्याकडे घरोघर सांगतात. 1732 साली शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि त्यानंतर शहर झपाट्याने वाढले. वाड्यांतल्या मुदपाकखान्यांना पातेली लागत होती, देवघरांना ताम्हणे-पंचपात्रे लागत होती आणि न्हाणीघरांना घंगाळे व बंब. हे सगळे घडवणारे हात वाड्याच्या हाकेच्या अंतरावर वसवले गेले आणि त्या वस्तीला तांबट आळी हे नाव पडले. महाराष्ट्रात अशा वस्त्या इतरत्रही होत्या. नाशिकला तांबट लेन आहे, मुंबईत पायधुणीजवळच्या तांबा काट्याचे नाव अजून टिकून आहे आणि विदर्भात भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पुण्याच्या आळीची ओळख मात्र विशेषकरून मठारकामाने झाली.

मठारणे म्हणजे घडवून झालेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने, एकाला लागून एक असे ठोके मारीत जाणे. प्रत्येक ठोक्याचा एक उथळ, आरशासारखा चकाकणारा ठसा उमटतो, आणि असे हजारो ठसे शेजारी शेजारी बसले की भांडे दिव्याच्या उजेडात थरथरते. लोकांना ही नक्षी वाटते. ती नक्षी आहेच, परंतु ती मुळात नक्षीसाठी केलेली नाही. तांबे हा मऊ धातू आहे. भट्टीत लालबुंद केले की ते आणखी मऊ होते, आणि पोलादाच्या उलट, तापलेले तांबे पाण्यात बुडवले तरी ते कडक होत नाही, मऊच राहते. म्हणूनच पत्र्याच्या चकतीतून घंगाळासारखे खोल भांडे उठवता येते. ठोकता ठोकता तांबे ताठर होऊ लागते, हाताला ते कळते. मग पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणे, असे कितीतरी फेरे होतात. शेवटच्या फेऱ्यानंतर भांडे आकाराला आलेले असते, पण ते इतके मऊ असते की भरलेले उचलताना दबेल. मठारण्याने ते ताठर होते. अंगावरच्या प्रत्येक बोटभर जागेवर ठोका पडलेला असतो, त्यामुळे पत्रा घट्ट होतो, उंचसखलपणा जातो आणि भांडे पिढ्यान्‌पिढ्या आकार सोडत नाही. माझ्या आजीच्या लग्नातले घंगाळ आजही आमच्या घरी आहे; त्याला तीन ठिकाणी पोचे आले आहेत, परंतु त्याचा काठ अजून गोल आहे.

वडिलांना मठारताना पाहिले की एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात येई. हातोडी जागची हलत नसे. ती एकाच ठिकाणी वर जाई आणि त्याच ठिकाणी खाली येई. फिरत असे ते भांडे, आणि ते फिरवणारा डावा हात. जमिनीत पक्का बसवलेला आडवा लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला गुळगुळीत केलेले तोंड, त्यावर उपडे घातलेले भांडे, आणि डाव्या हाताच्या बोटांनी दर ठोक्यागणिक त्याला दिलेली गव्हाच्या दाण्याएवढी सरक. बुडाच्या मध्यापासून सुरुवात होई आणि फेऱ्याफेऱ्याने काम काठाकडे येई. आत टेकलेले लोखंड दिसत नसे. भांडे लोखंडाला नीट टेकले आहे की मध्ये पोकळी राहिली आहे, हे केवळ आवाजावरून ओळखावे लागे. टेकलेले असले की ठोका खणखणीत वाजतो आणि पोकळी असली की बद्द. त्यामुळे वडील मठारायला बसले की त्यांच्याशी कोणी बोलत नसे. ठशाची हातोडी रोज घासून, चकचकीत करून फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे, कारण हातोडीच्या तोंडावर आलेला बारीकसा डागही प्रत्येक ठशात उतरतो. त्या हातोडीला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही, हा घरातला फार कडक नियम होता.

या कामाची किंमत त्यांच्या कानांनी मोजली. साठीला आले तेव्हा त्यांना समोरच्याचे बोलणे ऐकू येईनासे झाले होते, आणि आळीतल्या बहुतेक म्हाताऱ्यांची हीच गत होती. आमच्या आळीत सगळे मोठ्याने बोलतात, अशी बाहेरच्यांची तक्रार असे, त्याचे कारण हे होते. गंमत अशी की, वड-उंबराच्या शेंड्यावर बसून टुक-टुक करणाऱ्या हिरव्या पक्ष्यालाही मराठीत तांबट म्हणतात, ते आमच्या ठोक्यांवरूनच. आईचे हात मात्र कोणाच्या हिशेबात आले नाहीत. भट्टीतून आलेल्या भांड्यावर काळा थर असतो. चिंचेच्या पाण्यात ते भांडे भिजवायचे, रांगोळी आणि राख घेऊन घासायचे, स्वच्छ गुलाबी तांबे दिसेपर्यंत घासायचे आणि मगच ते मठारायला जायचे, कारण मळ राहिला तर तो ठोक्याखाली पत्र्यात दाबला जातो. हे सगळे काम घरातल्या बायका करीत. तळहाताच्या रेषा त्यांना दिसत नसत, इतकी त्यांची कातडी चिंचेने खाल्लेली असे.

आता त्या बाटलीकडे येते. तिच्यासारखा माल कसा तयार होतो, हे भावाने मला समजावून सांगितले. पातळ पत्र्यावर ठशांची जाळी कोरलेला रूळ फिरवतात, किंवा साच्यात घालून दाब देतात. क्षणात सगळ्या अंगावर ठसे उमटतात. दिसायला ते मठारासारखे असतात, परंतु तो पत्रा कुठेही ठोकला गेलेला नसतो, त्यामुळे मठाराने जी मजबुती येते ती त्याला आलेली नसते. पातळ पत्रा झाकायला मात्र ही जाळी उपयोगी पडते. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे, हे गेल्या काही वर्षांत घरोघर पटले, ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण त्यातून जी मागणी वाढली, तिचा फार मोठा भाग या छापील मालाने व्यापला आहे. हाताने मठारलेल्या तांब्याला लागणारा वेळ आणि साच्याच्या बाटलीला लागणारा वेळ यांची बरोबरीच होऊ शकत नाही, त्यामुळे किमतीतही ती होऊ शकत नाही. गिऱ्हाईक दुकानात दोन्ही शेजारी शेजारी पाहते, दोन्हींवर ‘हाताने मठारलेले’ असे ऐकते आणि स्वस्त असेल ते उचलते. त्यात गिऱ्हाइकाची काहीच चूक नाही. त्याला खरे सांगितले गेलेले नाही, हा माझा मुद्दा आहे.

यंत्राला माझा विरोध नाही, हेही इथे स्पष्ट करते. आमच्या आळीत मुशीत तांबे वितळवून, लादी ठोकून पत्रा करण्याचे दिवस केव्हाच संपले. पत्रा गिरणीतूनच येतो आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही, कारण लादी ठोकणे हे बैलाचे काम होते. अनेक भांड्यांचा ढोबळ आकारही आता यंत्रावर दाबून काढतात आणि मग ते मठारायला हातात घेतात. माझा भाऊही तसे करतो आणि विचारले तर तसे सांगतो. तेव्हा ‘घडण यंत्राची, मठार हाताचा’ असा मालही प्रामाणिक माल आहे, आणि जो माल पूर्णपणे साच्याचा आहे तोही साच्याचा म्हणून विकला जात असेल तर त्याला कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. स्टीलची भांडी घरोघर आली, बंबाची जागा गॅसच्या गिझरने घेतली, तेव्हा आळीचे फार मोठे नुकसान झाले. कितीतरी घरांतली मुले बँकेत, कारखान्यात, रिक्षावर गेली. परंतु स्टीलचे पातेले स्वतःला तांब्याचे म्हणवत नव्हते. त्या वेळी आमच्या लोकांनी हार पत्करली आणि जे उरले त्यांनी नवे आकार, नव्या वस्तू शोधून काम चालू ठेवले. या वेळी मात्र त्यांच्याच कामाचे नाव वापरून त्यांना बाजारातून काढले जात आहे.

माझी मागणी छोटी आहे आणि ती पुरी करण्यासाठी नवे महामंडळ किंवा नवे अनुदान लागत नाही. आवेष्टित वस्तूंवर उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन किंवा नगसंख्या आणि कमाल किरकोळ किंमत छापणे वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांनी आजही बंधनकारक आहे. तांब्या-पितळेच्या ज्या भांड्यावर ठशांचे काम आहे, त्याच्या वेष्टनावर किंवा चिठ्ठीवर ‘मठार: हाताचा’ किंवा ‘ठसा: यंत्राचा’ अशी आणखी एक ओळ छापण्याची सक्ती करावी. सोन्यावरची शुद्धतेची खूण 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि त्यामुळे सराफाच्या दुकानात शिरणाऱ्या साध्या माणसालाही विचारायचा प्रश्न मिळाला. रेशमासाठी 2004 साली सिल्क मार्क आला आणि हातमागाच्या कापडासाठी 2006 साली हातमागाचे चिन्ह आले, तेव्हा यंत्रमागाचे कापड बंद पडले नाही. फक्त हातमागाच्या नावाने ते विकणे अवघड झाले. तांब्याच्या बाबतीतही एवढेच हवे आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु ज्या शब्दाचा अर्थच कुठे लिहिलेला नाही, त्याच्याबद्दल तक्रार तरी कशी करायची? ‘मठारकाम’ म्हणजे हातोडीच्या एकेका ठोक्याने केलेले काम, एवढी व्याख्या तरी शासनाने एकदा लिहून ठेवावी.

भौगोलिक मानांकन घ्या, असा सल्ला आम्हाला पुष्कळ जण देतात. पुणेरी पगडीला ते 2009 साली मिळाले, कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळाले, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु मानांकनात गावाचे नाव राखले जाते. आमचा प्रश्न गावाइतकाच हाताचाही आहे. पुण्यातल्याच एखाद्या कारखान्यात साच्याने ठसे पाडले आणि त्यावर ‘पुण्याचे मठारकाम’ असे लिहिले, तर ते कामही खोटेच ठरते.

नावाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. 17 सप्टेंबर 2023 रोजी, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. योजना चांगली आहे. तारणाशिवाय दोन टप्प्यांत 3 लाख रुपयांपर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने मिळते आणि अवजारांसाठी 15 हजार रुपये मिळतात. तिच्यात 18 व्यवसायांची नावे आहेत. त्यांत लोहार आहे, सोनार आहे, कुलूप बनवणारा आहे, चिलखत घडवणारा आहे आणि हातोडा व अवजारे बनवणाराही आहे. तांबट हे नाव त्या यादीत नाही. माझा पुतण्या अर्ज भरायला एका सुविधा केंद्रावर गेला, तेव्हा समोरच्या मुलाने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि ‘लोहारमध्ये भरा ना, काय फरक पडतो’ असे सांगितले. त्या मुलाचा हेतू मदतीचाच होता आणि कदाचित नियमांतही ते बसत असेल. परंतु लोहार समाजाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते की फरक पडतो. लोखंड आणि तांबे हे दोन वेगळे धातू आहेत, त्यांची भट्टी वेगळी, अवजारे वेगळी, शिकण्याची वर्षे वेगळी. आणि ज्याची नोंद लोहार म्हणून झाली, तो उद्या तांबटांच्या गणतीत येणार नाही. मग तांबट उरलेच किती, असे विचारून पुढच्या यादीतूनही ते नाव गाळले जाईल.

असे का झाले असावे, याचा मी विचार केला आहे. बारा बलुतेदारांच्या ज्या याद्या आपण शाळेत शिकतो आणि मी स्वतः शिकवल्या, त्यांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, चांभार आहे. तांबट सहसा नसतो. लोहार-सुतार गावोगाव होते, शेतीच्या औजारांसाठी गावाला त्यांची रोज गरज असे आणि त्यांना बलुते मिळे. तांबट पेठेत राहणारा होता. त्याचे गिऱ्हाईक लग्नसराईत, सणावाराला, पेठेत येऊन रोखीने भांडे घेऊन जाई. गावगाडा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या यादीतून तो सहज निसटतो. याद्या करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही, परंतु चूक दाखवून दिल्यावर ती दुरुस्त व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे.

पंजाबात अमृतसरजवळ जंडियाला गुरू नावाचे गाव आहे. तिथले ठठेरे तांब्या-पितळेची भांडी आमच्यासारखीच हाताने ठोकून घडवतात. त्यांच्या कलेची नोंद 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. ती बातमी वाचली तेव्हा वडील हयात असते तर बरे झाले असते, असे मला वाटले, कारण कुठल्याशा दूरच्या आळीतले ठोकेही जग ऐकू शकते, हे त्यांना कळले असते. आम्ही युनेस्कोची मागणी करीत नाही. आपल्याच राज्यातल्या, आपल्याच देशातल्या कागदावर आमच्या कामाचे नाव नीट लिहिले जावे, एवढेच मागतो.

जुन्या भांड्यांबद्दलही वाचकांना एक विनंती आहे. घरातले हंडे-घंगाळे मोडीत घालायला नेतात तेव्हा काट्यावर फक्त वजन होते. त्यावरचे मठारकाम, दाते पाडून टाकणखाराने डागलेला सांधा, आजीचे नाव घातलेला काठ, यांतल्या कशाचीही घडणावळ मिळत नाही. मोडीत घालण्याआधी ते भांडे एकदा एखाद्या तांबटाला दाखवावे. पोचा काढून, पुन्हा मठारून, स्वयंपाकाचे असेल तर आतून कल्हई करून ते भांडे आणखी पन्नास वर्षे वापरता येते. (कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात चिंच, ताक, लोणचे यांसारखे आंबट पदार्थ ठेवू नयेत, हेही नव्याने तांबे वापरू लागलेल्यांनी लक्षात ठेवावे.) आणि नवे भांडे विकत घेताना भावाने मला दाखवले तेवढेच पाहावे: ठसे उजेडात धरावेत, एखादा वेगळा ठसा हेरावा आणि त्याचा जुळा भाऊ थोड्या अंतरावर सापडतो का ते शोधावे. हाताच्या कामात ठसे एकमेकांसारखे असतात, पण कोणतेही दोन अगदी तेच नसतात. एखादा किंचित लांबट असतो, एखादी ओळ केसभर वर चढलेली असते आणि काठाशी फेरा जुळवताना कारागिराने ठसे थोडे जवळ घेतलेले असतात. भांड्याच्या आतूनही हात फिरवून पाहावा आणि वजन तोलून पाहावे. पाच मिनिटांत हाताला फरक कळू लागतो.

आळीतल्या जागेचा प्रश्न स्वतंत्र पत्राचा विषय आहे, म्हणून त्याबद्दल थोडेच लिहिते. जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहतात तेव्हा तळमजल्यावरच्या भट्ट्यांना आणि ऐरणींना नव्या नकाशात जागा नसते, आणि वर राहायला आलेल्यांना आवाजाचा त्रास होतो. त्यांचा त्रास खोटा नाही. माझ्या वडिलांचे कान त्याची साक्ष देतील. त्यावर मार्ग निघू शकतो. कामाच्या वेळा ठरवता येतात, आवाज अडवणाऱ्या भिंतींची सामाईक जागा पेठेतच देता येते. पेठेबाहेर वीस किलोमीटरवर गाळे देणे हा मात्र उपाय नव्हे, कारण घासणारे, कल्हई करणारे, सांधा डागणारे आणि मठारणारे हात एकाच आळीत असतात म्हणून हे काम चालते.

शेवटी, संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाच आहे. सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत आपल्या दैनिकात तांब्याच्या भांड्यांच्या मोठमोठ्या जाहिराती येतात आणि त्यांत ‘हाताने मठारलेले’, ‘तांबटांच्या हातचे’ असे शब्द असतात. शासनाचा नियम येईल तेव्हा येवो. तोपर्यंत अशी जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने जाहिरातदाराला एवढेच विचारावे की हे भांडे कुठे आणि कोणाच्या हातून मठारले गेले. ज्यांचे उत्तर तयार असेल, त्यांची जाहिरात जरूर छापावी. ज्यांना उत्तर देता येणार नाही, त्यांना ते दोन शब्द गाळून बाकीची जाहिरात छापण्याची मुभा द्यावी. माझा भाऊ सकाळी दहापासून आळीत असतो. आपल्या वार्ताहराला हातोडीचे तोंड, ठसा आणि ती लग्नातली बाटली शेजारी शेजारी ठेवून दाखवायला तो आणि मी दोघेही तयार आहोत. बाटली आम्ही जपून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
कसबा पेठ, पुणे